चिंचेखालचा चहा

नृसिंहराव गोगट्यांच्या टेबलावर सयाजी कांबळेचा अर्ज तिसऱ्यांदा आला, तेव्हा वरच्या साहेबांनी त्यावर लाल शाईत शेरा मारला होता, 'तथ्य नसल्यास बंद करावा.'

अर्ज साधा होता. कुरुंदवाडच्या अलीकडं एक वाडी आहे, तिथल्या आण्णाच्या हॉटेलात सयाजीला आत बसू देत नाहीत. त्याचा कप वेगळा, तोही बाहेर चिंचेच्या फांदीला अडकवलेला. कायदा नवा आणि कडक होता, त्याच्यासाठी कोल्हापुरात ही नागरी हक्कांची कचेरीही उघडली होती. पण कामाची रीत अशी, की अर्ज कचेरीत यायचा, कचेरीतून पोलिसांकडे जायचा आणि पोलीस जीप घेऊन वाडीला जायचे. ओढ्यापाशी जीपची धूळ उडाली, की आण्णा सयाजीला हाका मारमारून बाकड्यावर बसवायचा आणि वर बशीत दोन बिस्किटं ठेवायचा. पोलीस येऊन बघतात तर तक्रारदार बिस्किट बुडवून खातोय! मग तथ्य कुठलं सापडायला?

"साहेब, आता बंद केलासा तर मला गावात ऱ्हाता याचं न्हाय," सयाजी म्हणाला. "आण्णा म्हन्तोय, खोटा अर्ज केलास, आता तुलाच आत घालतो. साक्षीला तर कोनबी येत न्हाय."

नृसिंहरावांना राग आला. माणूस सज्जन होता. "या खेपेला मी स्वतः येतो. साध्या वेशात, एसटीनं. मी आधी जाऊन बसतो, तू मागनं ये. काय होतंय ते मला डोळ्यांनी बघू दे. जमादार नंतर सायकलवरून येतील."

बेत चोख होता. फक्त घरी बायकोला, श्यामलाबाईंना, विचारायचा राहिला होता. नृसिंहराव नुकतेच काविळीतून उठले होते.

"बाहेरच्या कपाला तोंड लावायचं नाही," असं म्हणून बाईंनी त्यांच्या पिशवीत स्टीलचा ग्लास कोंबला. "चहा यातच घ्यायचा. शपथ आहे माझी."

साहेब कचेरीत कायदा सांगत आणि घरी ऐकत.

दुसऱ्या दिवशी विटका सदरा, झिजलेल्या चपला असा वेश करून ते आण्णाच्या बाकड्यावर जाऊन बसले. शेजारी दोन शेतकरी फुर्र फुर्र चहा पीत होते. साहेबांनी एक चहा सांगितला आणि पिशवीतून ग्लास काढून पुढं ठेवला. आण्णाचा हात किटलीवरच थांबला.

"पावणं, कुठलं म्हनायचं?"

"कोल्हापूरचा."

"आडनाव?"

आता खरं आडनाव सांगावं तर बोभाटा, आणि खोटं सांगायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. "आडनाव कशाला? असू दे की," ते पुटपुटले.

आडनाव लपवतोय, ग्लास घरनं आणलाय. आण्णाला आणखी काय पाहिजे? त्यानं आवाज खाली आणला. "समजलं. मग बाकड्यावरनं उठा, पावणं. तकडं चिंचंखाली बसा. राग मानू नगासा, गावची रीतच हाय."

साहेबांना काही कळायच्या आत ते चिंचेखाली उकिडवे बसले होते. आण्णानं ग्लास खाली ठेवायला लावला आणि हातभर उंचीवरून चहा ओतला. दोन थेंब साहेबांच्या बोटावर उडाले. "पिऊन झालं की ग्लास धुवा तुमचा तुमीच," असं म्हणून तो निघून गेला.

ठरल्याप्रमाणं सयाजी आला आणि बघतच राहिला. "साहेब, तुमी हितं कसं?"

"हा मला समजला कोण?" साहेबांची कानशिलं तापली होती. "आत्ता जातो आणि सांगतो त्याला, मी कोण आहे ते!"

फांदीवरचा कप काढता काढता सयाजीनं विचारलं, "कोन म्हनून सांगनार, साहेब?"

नृसिंहरावांनी तोंड उघडलं. जिभेवर हुद्दा नव्हता, आडनाव होतं. त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी तोंड मिटलं आणि चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता.

एवढ्यात गणपतराव जमादार आले. साहेबांना बघताच सायकल टाकून त्यांनी खाडकन सलाम ठोकला. ते बघून आण्णा पळतच आला.

"साहेब! चुकी झाली! मला वाटलं तुमी ह्येंच्यातलं!"

"कुणातलं?" जमादारांनी विचारलं.

"ह्या सयाजीच्यातलं वो! न्हायतर साहेबास्नी मी भायेर बसवीन व्हय?"

बाकड्यावरचे शेतकरीही मदतीला धावले. "खरं हाय, साहेब! आण्णा ह्येंच्यातल्या कुनालाबी आत घेत न्हाय. आमी रोज बघतोय की!"

"लिवून घ्या, जमादार," आण्णा गयावया करू लागला. "नजरचुकीनं झालं म्हनून लिवा. ही दोगंबी सही करत्याल."

जमादारांनी सगळं लिहून घेतलं. दोघांनी अगदी हौसेनं सह्या केल्या. मग फांदीवरचा कप जप्त झाला आणि त्याच्या जोडीला साहेबांचा ग्लासही. घरी काय सांगायचं, ही काळजी नृसिंहरावांना पडली होती. जमादारांनी ग्लास उन्हात फिरवला आणि त्यावर कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं, "सौ. श्यामला नृसिंह गोगटे."

आण्णानं कपाळावर हात मारला. "आरं देवा! ह्येच्यावर नाव हुतं व्हय?"

"व्हय की," सयाजी म्हणाला. "हातात घेतला आस्तास तर दिसलं आस्तं."