रुमालाखालचा भाव

शाळेचा भाव रुमालाखाली सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गुरुसिद्धप्पा त्यांचं नाव, पण सोलापुरात आमच्या पेठेत त्यांना सगळे आप्पाच म्हणायचे. त्यांचं ज्वारीचं दुकान होतं. मंगळवेढ्याची ज्वारी घ्यावी तर आप्पांकडूनच, असं म्हणणारे पेठेत पुष्कळ होते. आणि पोराला शाळेत घालावं तर आप्पांना विचारूनच, असं म्हणणारेही हळूहळू वाढत चालले होते.

आता ज्वारीचा आणि शाळेचा संबंध काय, हे मलाही बरेच दिवस कळलं नव्हतं. मी गिरणीच्या ऑफिसात कारकून. एकदा ज्वारी घ्यायला गेलो तेव्हा आप्पा आमचे शेजारी, बँकेत नोकरीला असलेल्या देशपांड्यांना सांगत होते, "पोत्याच्या तोंडाला सगळेच टपोरा दाणा ठेवत्यात की. मधलं काय हाय ते बगावं लागतंय." हातात मधला दाणा काढून बघायला पोत्यात खुपसायची लोखंडी नळी होती, म्हणून मला वाटलं विषय ज्वारीचा आहे. विषय देशपांड्यांच्या मुलाच्या शाळेचा होता.

आप्पांची पद्धत ठरलेली. शाळेत जायचं, वर्गात शिरायचं, पहिल्या बाकावरच्या पोरांकडे ढुंकूनही बघायचं नाही. "ती तोंडावरची," म्हणायचे. मधल्या बाकावरचं, नाकात बोट घालून बसलेलं एखादं पोर निवडायचं आणि त्याला एकच प्रश्न विचारायचा: "आज घरी जाऊन काय सांगणार रं?" पाढे नाहीत, कविता नाही, भारताची राजधानी नाही. पोर काय बोलतं ते मान हलवत ऐकायचं आणि निघायचं.

मग निकाल. तो मात्र उघड्यावर कधी द्यायचे नाहीत. बाजारात दोन व्यापारी खांद्यावरचा रुमाल हातांवर टाकतात आणि त्याखाली बोटं धरून भाव ठरवतात, तसं आप्पा पालकाचा हात रुमालाखाली ओढून घ्यायचे. एक बोट धरलं तर शाळा अगदीच टाकाऊ. चार धरली तर डोळे मिटून घाला. पाच बोटं अजून कुठल्या शाळेला मिळालेली नव्हती. "शाळेलाबी अब्रू असती," ते म्हणायचे. "मोठ्यानं भाव बोलून कुणाचा धंदा बसवू नये."

देशपांड्यांना हा बाजार ठाऊक नव्हता. आप्पांनी त्यांचं एक बोट धरलं, तेव्हा त्यांना वाटलं शाळा पहिल्या नंबरची आहे. पेढे वाटून त्यांनी मुलाला तिथं घातलं. आप्पांना हे पेढा तोंडात टाकल्यावर कळलं. "साकु, साकु," म्हणत त्यांनी दुसरा पेढा नाकारला. कानडीतला हा 'पुरे' ते फार दुःख झालं की वापरायचे.

त्या साली आमच्या घरातही शाळेवरून धुसफूस चालू होती. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची आली होती, कुणालाच काही धड समजत नव्हतं, आणि त्यात होटगी रस्त्याला एका बंगल्यात इंग्रजी शाळा निघाली. आमची सुमी पहिलीत जायची होती. माझी बायको मंगल म्हणाली, सुमी इंग्रजी शाळेतच जाणार. मी म्हणालो, घरामागची म्युन्सिपाल्टीची शाळा काय वाईट आहे, मी तिथंच शिकलो. "म्हणूनच म्हणतेय," मंगल म्हणाली. शेवटी आप्पा सांगतील ते दोघांनी ऐकायचं असं ठरलं. मी आतून खूश होतो. रुमाल, टोपी, कपाळावर विभूती लावलेला हा माणूस टाय लावलेल्या पोरांना एका बोटाच्या वर काय देणार?

आधी आप्पा आणि मी म्युन्सिपाल्टीच्या शाळेत गेलो. पहिलीचे गुरुजी नव्हते. सरकारने कुटुंबनियोजनाच्या कामाला लावलेले, गावोगाव हिंडत होते. दोन वर्ग एकत्र करून एक बाई एकट्याच सांभाळत होत्या, आणि जीव तोडून सांभाळत होत्या. आप्पांनी मधलं पोर गाठलं. "आज घरी जाऊन काय सांगणार रं?" पोराने बराच विचार केला. मग म्हणालं, "गुरुजी आले न्हाईत."

"काल काय सांगितलंस?"

"त्येच."

आप्पांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बाहेर आल्यावर माझा हात रुमालाखाली घेतला आणि दोन बोटं धरली. "एक बोट शाळेचं," ते म्हणाले, "दुसरं त्या बाईचं." आपली शाळा दोन बोटांवर आलेली पाहून मला खरंच वाईट वाटलं.

इंग्रजी शाळेत मुख्याध्यापिकेने आम्हाला खुर्च्या दिल्या. आप्पांकडे बघून विचारलं, "आपण मुलीचे आजोबा का?"

आप्पांनी खांद्यावरचा रुमाल सारखा केला. "हाय की," म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण ते भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते.

वर्गात सगळी पोरं एकदम उठून गुड मॉर्निंग म्हणाली. पहिल्या बाकावरच्या मुलाला बाईंनी गाणं म्हणायला लावलं. त्याने ते हातवाऱ्यांसकट म्हटलं. आप्पा तोवर मधल्या बाकाशी पोचले होते. प्रश्न विचारताच मुख्याध्यापिका म्हणाल्या, "इथे वर्गात मराठी बोलायचं नाही, असा नियम आहे."

"मग तुमी इचारा," आप्पा मला म्हणाले.

मी गिरणीच्या ऑफिसातलं सगळं इंग्रजी गोळा करून विचारलं. माझ्या इंग्रजीत वाक्याची सुरुवात सवयीने 'विथ रेफरन्स टू' अशीच होते. पोर घाबरून बाईंकडे बघायला लागलं. आप्पा त्याच्या बाकाशी खाली बसले, कान त्याच्या तोंडाजवळ नेला. पोर कानात पुटपुटलं. पुटपुटताना हळूहळू खुललं, हात हलवायला लागलं, शेजारचाही त्यात शिरला. आप्पा हसत होते. मुख्याध्यापिका घड्याळ बघत होत्या, पण वर्गातल्या बाईंनी पोरांना थांबवलं नाही.

बाहेर आल्यावर आप्पांकडून कळलं, वर्गात मागच्या कपाटाखाली मांजर व्यायली आहे. पिल्लांना काही होऊ नये म्हणून वर्गातल्या बाई आणि सगळी पोरं मिळून ती गोष्ट मुख्याध्यापिकेपासून लपवून आहेत. आणि रुमालाखाली आप्पांनी माझी चार बोटं धरली.

मला वाटलं मोजण्यात काही चुकलं. "आप्पा, चार? तिथं तर स्वतःच्या भाषेत बोलायचीही बंदी."

"त्याचंच एक बोट कमी केलं की. बाकी मधला दाणा चांगला हाय. त्या बाईला पोरं भीत न्हाईत." ते चालायला लागले. मी मात्र चिडलो होतो. मंगल जिंकली, माझी शाळा हरली, आणि आप्पा इतके शांत. मी जरा टोचूनच म्हणालो, "तुमचा शिवानंद इंग्रजीतच शिकला म्हणून तुम्ही त्यांच्या बाजूचे, असं दिसतंय."

शिवानंद हा आप्पांचा एकुलता एक मुलगा. लहानपणीच त्याला दूर डोंगरातल्या इंग्रजी बोर्डिंगात घातलं होतं. आता कलकत्त्याला मोठ्या कंपनीत साहेब होता. त्याची आई गेल्यापासून आप्पा एकटेच राहायचे. त्याच्या मोटारीचा फोटो दुकानात देवाशेजारी लावलेला होता आणि पेठेतला प्रत्येक बाप आपल्या पोराला तो दाखवायचा.

आप्पा एका दुकानाच्या पायरीवर बसले. मलाही बसवलं.

"ती शाळा मी फाटकावरनंच पसंत केल्ती," ते म्हणाले. "फाटक लई मोठं होतं. आत शिरून मधलं पोरगं इचारायचं सुचलंच न्हाय. सगळ्या बाजारात मी पोतं फोडून बगतो, आणि तितं तोंडावरचा दाणा बगून पोर देऊन आलो." रुमालाने त्यांनी मान पुसली. "शाळा वाईट नव्हती ओ. साहेब केलं की त्याला. पर मे महिन्यात यायचा, तवा मी इचारायचो, शिवू, शाळेत काय काय झालं? सांगायला सुरुवात करायचा बिचारा. मधीच इंग्रजी शबुद यायचा. मला कळायचं न्हाय. मला कळत न्हाय म्हणून तो थांबायचा. मग एका साली इचारलं तर म्हणाला, काय न्हाय आप्पा, सगळं ठीक."

"मग?"

"मग अजून सगळं ठीकच हाय. दर पत्रात तेवढंच. नातू हाय म्हणं आता. फोटो आलाय." ते उठले. "घाला सुमीला हितंच. फकस्त रोज इचारत जावा. तिचं कळलं न्हाय तरी ऐका. थांबू देऊ नका."

रागबिग कुठल्या कुठे गेला होता. इतकी वर्षं हा माणूस गावभरच्या पोरांना तो एकच प्रश्न का विचारत फिरत होता, ते मला त्या पायरीवर कळलं.

सुमी इंग्रजी शाळेत जायला लागली. शाळेची रिक्षा तिला पेठेच्या तोंडाशी सोडायची, आणि तिथून घरी येताना आप्पांचं दुकान लागायचं. पुढे पुढे ती घरी उशिरा यायला लागली तेव्हा मंगलने मला बघायला पाठवलं.

सुमी ज्वारीच्या पोत्यावर बसली होती. दप्तर पाठीवरच होतं. शाळेतली कुठलीशी गोष्ट ती आप्पांना सांगत होती, निम्मी मराठीत, निम्मी इंग्रजीत, आणि इंग्रजीतला भाग जास्त जोरात. आप्पा समोर मांडी घालून ऐकत होते; तिला ते लाडानं अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणायचे. मध्येच ती थांबली.

"आप्पा, कळलं का तुम्हाला?"

"न्हाय की," आप्पा म्हणाले. "पर तू सांग, अव्वा. फुडं काय झालं?"

ती पुढे सांगत सुटली. मी दाराशी उभा होतो. आप्पांनी मला पाहिलं, जवळ बोलावलं, आणि काही न विचारता माझा हात रुमालाखाली घेतला. पाचही बोटं धरली. धरली ती सोडेनात. सुमीची गोष्ट बरीच लांबली, आणि पायलीभर ज्वारी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तेवढा वेळ पिशवी धरून उभं राहिलं.