दयाळ मोठा की कस्तूर?

एका जंगलात, मुलांनो, दोन गायक होते. चूक इथेच झाली. एकच असता तर सगळे सुखाने कंटाळले असते.

एक दयाळ. काळा-पांढरा, शेपटी सदा उभी, रोज नवी तान. दुसरा कस्तूर. निळसर काळा. ओढ्याकाठी बसून शीळ घालायचा, संथ आणि लांबलचक. दोघे एकाच वर्षी अंड्यातून बाहेर आले आणि एकाच वर्षी गाजले. मग दोघांत मोठा कोण, हे ठरवण्यापलीकडे जंगलाला काम उरलं नाही.

डोंगराच्या पूर्वेकडचे झाडून सगळे दयाळचे. तिथली तरुण मंडळी शेपटी उभी धरून चालत, मग ती कितीही जड असो. पश्चिमेकडचे कस्तूरचे. ते कानांना जांभळाचा रस फासत.

रेवा नावाची एक शेकरू पश्चिमेची. लग्न होऊन ती पूर्वेला आली. सोयरीक ठरवताना दोन्हीकडच्यांनी पत्रिका पाहिली, घरटं पाहिलं, फणसाचं झाड किती लांब तेही पाहिलं. गायक कोणता, एवढं विचारायचं राहून गेलं.

गृहप्रवेशालाच सासूबाईंनी तिचे कान पाहिले आणि ओल्या पाल्याने खसाखसा पुसून काढले.

"आमच्यात निळं चालत नाही हो," त्या प्रेमाने म्हणाल्या.

"आणि वहिनी, शेपटी वर," नणंद म्हणाली. "अजून वर. हां, आता आमची दिसतेस."

रेवा शेपटी वर धरून गरे सोलायला बसली. पाठ भरून आली, पण ती बोलली नाही. मुळात ती कमीच बोलायची. त्यामुळे तिला ऐकू फार यायचं.

पहिल्याच आठवड्यात तिच्या एक गोष्ट लक्षात आली. दयाळने चोच उघडली रे उघडली, की सासरचे सगळे शिट्ट्या मारत, फांद्या गदागदा हलवत, "वा, वा, जीव घेतलास!" म्हणून ओरडत. ते थेट गाणं संपेपर्यंत. पलीकडून कस्तूरची शीळ आली, की तेवढ्याच जोरात हुर्यो. माहेरी नेमकं हेच चालायचं, फक्त उलट.

दोघांपैकी कोणाचंही एक अख्खं गाणं कोणी ऐकलेलं नव्हतं.

रेवा ऐकायची. पहाटे, घर उठायच्या आत. दयाळ चांगला गायचा. हे तिला माहेरी कोणी सांगितलं नव्हतं. आणि डोंगरापलीकडून कस्तूरची शीळ यायची, तेवढ्यावर तिचा परका दिवस निभावून जायचा.

एके दिवशी दोन्ही बाजूंनी ठरवलं की आता फैसला होऊन जाऊ दे. एका जंगलात दोन मोठे असू शकत नाहीत, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. घोरपडआजी पंच. सागाच्या पानांच्या पडद्याआड दोघांनी गायचं, म्हणजे तोंड पाहून टाळ्या पडणार नाहीत. आजी कातळाला पोट लावून पडणार आणि कोणाच्या टाळ्यांनी दगड जास्त हादरतो ते सांगणार. हरेल त्याने जंगल सोडायचं.

पूर्वेला सतरा कुटुंबं जास्त होती. कस्तूर जाणार, हे रेवाला कळून चुकलं. 

स्पर्धेची सकाळ उजाडली. आजीने एकच नियम घातला. दोघांचं गाणं संपेपर्यंत कोणी आवाज करायचा नाही.

आधी एक गाणं झालं. मग दुसरं झालं. मग भयाण शांतता झाली.

सासरे सासूबाईंकडे झुकले. "यातला आपला कुठला हो?"

"तुम्हीच ना म्हणता, झोपेतसुद्धा ओळखेन?"

"झोपेत ओळखतोच. आत्ता जागा आहे."

"सूनबाई," सासूबाई कुजबुजल्या, "तू लवकर उठतेस. तुझे कान ताजे. पटकन सांग, आपला कुठला?"

सगळं सासर वळून तिच्याकडे पाहू लागलं. तिचा नवरा भानुदाससुद्धा. खरं सांगावं तर कस्तूर जाणार. खोटं सांगावं तर? पश्चिमेकडचे काय करतील, ते तिला ठाऊक होतं. तिचे बाबा त्यांच्यातच बसले होते.

"पहिला, मामंजी," रेवा म्हणाली.

पूर्वेकडच्यांनी पहिल्यासाठी अशा टाळ्या पिटल्या की चार फांद्या खाली आल्या. समोरून बाबांचा आवाज आला, "ते पहिल्याला वाजवतायत! म्हणजे आपला दुसरा! वाजवा रे!"

आजी कातळावरून उठली. "पहिला जिंकला. दुसऱ्याने निघावं."

पडदा सरला. पहिल्या जागी कस्तूर होता. दुसऱ्या जागी दयाळ. त्याची शेपटी हळूहळू खाली गेली.

रेवाने त्या शेपटीकडे पाहिलं. एकाला वाचवताना आपण दुसऱ्याला घालवलं की काय?

सासऱ्यांनी घसा खाकरला. ओळखू आलं नाही, असं म्हणणं शक्यच नव्हतं. "आम्ही ओळखूनच टाळ्या दिल्या," ते म्हणाले. "मोठं मन लागतं त्याला."

"आम्हीही ओळखूनच दिल्या!" बाबा कडाडले. "आणि तुमच्या टाळ्यांवर जिंकायला आमचा कस्तूर एवढा लाचार नाही. नको आम्हाला हा विजय!"

"मग आम्हालाही हा पराभव नको!"

"म्हणजे निकाल रद्द?" आजीने विचारलं.

"रद्द!" सगळे ओरडले. जंगलात एकमत व्हायची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवसापासून कोणाचं मन जास्त मोठं, यावर भांडण सुरू झालं. दोन्ही गायक गात राहिले.

परतताना भानुदासने विचारलं, "काय गं, तुला खरंच ओळखू आलं नाही?"

"अहो, मामंजींना नाही आलं, तिथे मला कुठून येणार?"

हे त्याला पटलं. घरी गेल्यावर त्याने ते आईला सांगितलं. सासूबाईंना सून फार गुणी वाटली.

तात्पर्य: कलावंत टिकावा असं वाटत असेल, तर त्याच्या चाहत्यांना त्याचं गाणं नीट ऐकू देऊ नये. आणि ज्याला गाण्यातलं कळतं त्याने, कोणी विचारलंच तर, ठामपणे चुकीचं सांगावं.