पयलं जमीन, मग बटण

त्या दुष्काळात शहराच्या कडेला, सातारा परिसर नावाच्या आमच्या वस्तीत आठवड्याला एक टँकर यायचा, आणि नवपुते अण्णा आपल्या वाट्याची पहिली बादली एका लोखंडी पाइपाला पाजायचे. गल्लीतल्या तुळशींच्या काड्या झालेल्या, बायका डाळ धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसत होत्या आणि हा सत्तरीचा माणूस पायजमा वर खोचून घरामागं पाइपात धार धरून उभा. टँकरवाल्यानं एकदा विचारलंच, "चाचा, लोहे को पानी डालके क्या उगारे?"

"कुछ उगाना नै भाई. कोई मरना नै, बस."

तो पाइप म्हणजे त्यांच्या घराचं अर्थिंग. वीज कुठं लोखंडात उतरलीच, तर तिनं माणसाऐवजी जमिनीची वाट धरावी म्हणून पुरलेला. जमीन कोरडी झाली की ती वाट बंद. अण्णा वायरमन म्हणून निवृत्त झाले होते, पण त्यांचा मंत्र काही निवृत्त झाला नव्हता: "पयलं जमीन, मग बटण." कुणाकडे चहाला गेले की आधी कूलरला उलटा हात लावून करंट येतो का बघायचे, मग बसायचे. भाच्यासाठी मुलगी बघायला गेले आणि फ्रीज नापास करून आले. मुलगी त्यांना पसंत होती.

आता माझी भानगड सांगते. मी शाळेत गणित शिकवते. लहानपणी शहरात गुलमंडीजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तिथं मुली आत जात नसत. पडदा हलला की बाहेरून दिसेल तेवढं बघायचं. चाळिशीत ठरवलं, आपली गेमची पेटी आपणच बांधायची. प्लायवूड मी कापलं, दांडे आणि बटणं मी बसवली, जुन्या बाजारातून काचेच्या नळीचा टीव्ही आणून लोखंडी चौकटीत कसला, पुढं लोखंडी दार लावलं. रविवारी गल्लीला खेळायला बोलावलं. टीव्हीला वीज तेवढी द्यायची राहिली होती.

अण्णा दोन वायरींचा बल्ब घेऊन तपासायला आले. बोर्डाकडे बघून म्हणाले, "ताई, भोकं तीन हायत, वायरी दोनच. बिल्डरनं अर्थिंगचं तिसरं भोक शोभेला दिलंय."

शहर बायपास ओलांडून इतक्या घाईनं आमच्याकडे आलं होतं, की असली शोभा घरोघरी होती. मी म्हटलं, "मग तिसरी पिन मोडून टाकते. सगळ्यांचं चालतंच की."

अण्णांनी माझ्या हातातून वायर घेतली, स्क्रू काढून प्लग सोडवला, खिशात घातला आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन आले. माझ्या न्हाणीमागं खड्डा खणला, कोळसा आणि खडेमीठ भरून पाइप पुरला. बल्बची एक वायर बोर्डात, दुसरी पाइपाला लावून बघितली तर तो विझत्या विडीएवढा लाल झाला. "जमीन लई तहानलीय," म्हणाले. माझ्या टाकीत पिण्यापुरतं पाणी. मग अण्णा रोज सकाळी आपल्या अंघोळीचं पाणी बादलीत धरून आणू लागले, वर साबणाचा फेस.

"अण्णा, साबणाचं चालतं?"

"जमिनीला काय, तिला कुठं लग्नाला जायचंय?"

रविवार टळला. गल्ली विचारू लागली, मॅडम, पेटी की पाण्याची टाकी? मी मनातल्या मनात अण्णांना नको ते बोलले, हे कबूल करते. पुढच्या शनिवारी मात्र बल्ब भक्क पेटला. अण्णांनी हिरवी वायर चौकटीला आणि दाराला कसली, खिशातला प्लग काढून जोडला आणि म्हणाले, "उद्या माझ्या बहिणीला आणू का?"

रविवारी पिशोरहून कौसाबाई आल्या. गल्ली जमली. अण्णांनी फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं, त्यात अनवाणी उभे राहिले, लोखंडी दाराला उलटा हात लावला आणि म्हणाले, "लावा."

मी बटण दाबलं. काच उजळली, रंग आले. आजवर कुठल्याही निकालाच्या दिवशी माझी छाती एवढी फुगली नव्हती.

"पयलं हिला खेळू द्या," अण्णा म्हणाले. कौसाबाई पुढं आल्या. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची आत वळलेली होती. दांडा धरण्याआधी त्या वाकून बोर्डाकडे बघत म्हणाल्या, "दादा, तिसरी पिन हाय नव्हं?"

गल्ली हसली. अण्णा हसले नाहीत.

"माझा कूलर ह्यानंच जोडला व्हता," कौसाबाई मला सांगू लागल्या. "नवा नवा वायरमन. बोर्डात बसंना म्हून तिसरी पिन मोडली. मी त्यात पाणी भराया गेले. बोटं अशी राह्यली, पर मी वाचले की. ह्याला किती सांगावं."

मला माझं आठवड्यापूर्वीचं बोलणं आठवलं आणि मान वर करवेना.

कौसाबाईंनी डाव्या हातानं दांडा धरला, वळलेल्या बोटांच्या पेरांनी बटणं बडवली, दोनदा हरल्या, तिसऱ्यांदा पदर खोचला आणि गल्लीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त टिकल्या. मध्येच पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "दादा, आता काढ की हात."

"व्हय, काढतो," अण्णा म्हणाले.

बहिणीचा डाव संपेपर्यंत ते ओल्या फरशीवर तसेच उभे होते, दाराला हात लावून.