नावड्याच्या खवलींचा रहिवास

प्रत्येक जिवाला एकच पत्ता असावा, या पायावर सुशासन उभे आहे. मासे पाण्यात राहतात एवढ्यावरून त्यांना सूट देता येत नाही.

१९९४ साली नावडे गावचे तळे बुजवून बगीचा करायचे ठरले. आमच्या कार्यालयाने घाई केली नाही. (घाई आमच्याकडे नसतेच.) नियम असा, की तळ्यात कायमचे रहिवासी असतील तर बुजवायचे नाही. चौकशीला श्यामसुंदर टोणपे गेले. साताऱ्याकडचे, प्रामाणिक, हा दोष सोडला तर कर्मचारी उत्तम.

जुलैत त्यांना तळ्यात बोटभर खवली मासळी सापडली, एकूण एक्केचाळीस. मोठी एकही नाही. ते 'अल्पवयीन, पालक फरार' असे लिहू लागले, तोच मागून भिमाबाई बोलल्या. तीस वर्षे त्यांचे घर याच तळ्यातल्या मासळीवर चालत होते.

"सायेब, ही पोरं न्हाईत. म्हाताऱ्या हाईत."

"एवढ्याशा?"

"घरान बसून ऱ्हाल्या त्या बारक्याच ऱ्हातान. यांच्याच भैनी वढ्यानं वर गेल्यान, अंडी घालाला. गनपतीला येतीन, वीतभर होऊन."

टोणप्यांनी एक खवली चिरली. पोटात अंडी होती.

रहिवासाच्या अर्जात चौकटी दोनच: स्थायिक आणि स्थलांतरित. टोणप्यांनी दोन्हींवर खूण केली आणि शेरा मारला, 'एकाच आईची लेकरे. काही राहतात, काही जाऊन येतात.' वरून उत्तर आले, 'एका कुटुंबाने एकच पर्याय निवडावा. कुटुंबप्रमुखास सुनावणीस हजर करावे.' नोटीस तीन प्रतींत लावली (एक पाण्यात, बाधितांच्या सोयीसाठी). कोणी आले नाही.

टोणपे सुनावणीत उभे राहिले. "साहेब, ज्या हजर आहेत त्या प्रौढ आहेत. त्यांच्या पोटात अंडी आहेत."

"टोणपे, तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात."

तळे रिकामे असल्याचे जाहीर झाले आणि डंपर आले.

गणपतीत खवली परतल्या. वीतभर, शेकड्यांनी. मुरमाच्या ढिगाला डोकी आपटू लागल्या. भिमाबाईंनी घरातली पातेली आणली, टोणप्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. सकाळभर दोघांनी मासे टेम्पोने वाहून कार्यालयापुढच्या कारंज्याच्या हौदात सोडले.

"एवढी मासळी, बाजारात नेली असतीत तर?" टोणप्यांनी विचारले.

"आज न्हाय," भिमाबाई म्हणाल्या. "म्हायेरान आल्यान बिचाऱ्या. दार बंद हाय."

टोणप्यांची बदली झाली. भिमाबाई बगीच्याच्या फाटकाशी शेंगा विकतात. खवलींची नोंद 'शोभेच्या, कायम' अशी झाली. दर जूनमध्ये त्या हौदाच्या जाळीवर धडका देतात. अहवालात याला व्यायाम म्हटले आहे.

प्रयोग इतका यशस्वी झाला, की तोच अर्ज आता वसाहतींना लागू केला आहे. मे महिन्यात पाहिलेल्या ६१२ घरांपैकी ५८७ घरांना कुलूप होते. शिवाय 'कायमचा पत्ता' या रकान्यात आपण स्वतःच्या हस्ताक्षरात गावचाच पत्ता लिहिला आहे. आपल्या इमारतीची सुनावणी येत्या मेमध्ये आहे. नोटीस जिन्यात लावली जाईल. आपण गावी असाल, तर आपली हरकत नाही असे समजण्यात येईल.