ग्यासवर काय हाय?

जानेवारीतला दुसरा रविवार. सकाळचे नऊ. हजर: मी, माझे यजमान प्रकाश, आमच्याच पहिल्या मजल्यावरचं नवं जोडपं निखिल आणि पूजा, तिसऱ्या मजल्यावरच्या तिवारी आंटी, आणि गाडी चालवायला तळमजल्यावरचे मेश्रामकाका. गैरहजर: कमलताई मेश्राम, घरी काम असल्यामुळे. उशिरा आलेले: कोणी नाही, कारण वेळ ठरलेलीच नव्हती. सोबत आणलेले पदार्थ: निरंक.

नागपुरात सदर भागातल्या एका ऑफिसात मी वर्षानुवर्षं बैठकांची इतिवृत्तं लिहीत आले आहे, त्यामुळे हात असाच वळतो. पण त्या शेवटच्या शब्दाबद्दल सांगायलाच हवं. मेश्रामकाकांच्या सहलीत 'पदार्थ निरंक' हे पहिल्यांदाच घडत होतं.

मेश्रामकाकांची ओळख माणसाला चेहऱ्याआधी बेलने होते. बेल वाजत नाही, वाजत राहते. दार उघडलं की पायपुसण्यावर पांढरा सदरा, डोक्याला मफलर, बोट अजून बटणावरच. नमस्कार नाही, बरे आहात का नाही. थेट प्रश्न.

"ग्यासवर काय हाय?"

बेसा रोडवरच्या या फ्लॅट स्कीममध्ये आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. खोक्यांवर नंबर, नंबरांची यादी, यादीवर बरोबरच्या खुणा, असं माझं शिस्तीत चाललं होतं. वाटलं, गॅस एजन्सीचा माणूस आला.

"कुकर आहे," मी म्हटलं.

"कुकरमंदी?"

"वरण."

"शिट्ट्या किती झाल्या?"

"दोन."

"अजून एक होऊ द्या. मंग कुकर घेऊन खाली या. गाडी सुटून राहिली."

मी काही बोलायच्या आत ते जिना उतरून गेले होते. मी प्रकाशकडे पाहिलं. प्रकाशने मला न विचारता कुकरला फडकं गुंडाळायला घेतलं. हा माणूस बँकेतून चेकबुक आणायलाही दोन दिवस लावतो.

खाली एक जुनी व्हॅन उभी होती आणि काका एस.टी. स्टँडवरच्या आवाजात घोषणा देत होते. "नागपूर ते रामटेक, मार्गे मनसर, सुटण्याच्या तयारीत हाय! कुकरवाल्यायनं मांगच्या सीटवर बसावं!" एस.टी.त ते वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर डेपोच्या माइकवर गाड्यांच्या वेळा सांगितल्या. निवृत्तीनंतर त्यांनी घड्याळ काढून कपाटात टाकलं. मी एकदा म्हटलं, काका, आदल्या दिवशी सांगत जा ना. तर म्हणाले, "ताई, मी जिंदगीभर सुटाचा टाइम सांगतला. आता सांगत नाही. सुटतो." मला हे कारण पटलं होतं. माणूस निवृत्त झाला की नोकरीतल्या एखाद्या गोष्टीवर सूड उगवतोच.

त्यांचे नियम दोनच होते. एक, मुद्दाम काही करायचं नाही. ज्याच्या ग्यासवर जे असेल ते घेऊन यायचं. दुसरा, यायचं नसेल तर 'नाही' म्हणायचं, कारण सांगायचं नाही. या दुसऱ्या नियमाबाबत ते फार कडक होते. पूजाने एकदा "काका, आज ना माझ्या मावशीच्या..." अशी सुरुवात केली, तर त्यांनी चक्क कानांवर हात ठेवले. "पोरी, नाही म्हण वं, झालं. कारण मले नको सांगू."

स्वतः ते घरून शिजवलेलं काही आणत नसत. वांगी, कांदे, कणकेचा डबा, गोवऱ्या, पाण्याचा कॅन एवढंच. मग कुठल्यातरी झाडाखाली गोवऱ्या पेटवायच्या, वांगी भाजायची, रोडग्यांची कणीक जो दिसेल त्याला मळायला लावायची. आमच्या कुणाच्या घरातही ते कधी बसले नाहीत. आत या म्हटलं की, "चप्पल कोण काढन बाप्पा," म्हणून पायपुसण्यावरूनच परत. त्यांच्या घरी तर आमच्यापैकी कोणी गेलंच नव्हतं. कमलताई खिडकीतून हसायच्या आणि गाडीत येऊन बसायच्या. एवढ्या गप्पिष्ट माणसाचं घर आतून कसं आहे हे बिल्डिंगमध्ये कुणाला माहीत नव्हतं, आणि याचं कुणाला नवलही वाटलं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी मात्र कहर झाला. अंबाझरी तलावाच्या काठावर आम्ही भांडी उघडली तर पहिल्या भांड्यात वरण. दुसऱ्यात वरण. तिसऱ्यात तिवारी आंटींची दाल, म्हणजे वरणच. भाजी, पोळी, भात, काही नाही. थंडीच्या सकाळी सगळं नागपूर एकाच वेळी तूर शिजवतं, त्याला कोण काय करणार! निखिल म्हणाला, "काका, हे तर पार्टी नाही, कुकरचं संमेलन झालं." काकांनी व्हॅनमधलं मोठं पातेलं काढलं आणि सगळी वरणं त्यात ओतून ढवळली.

"आता सांगा, कोणाचं कोणतं?"

"हींग तो मेरी ही है," तिवारी आंटी म्हणाल्या.

"हींग पकडली गेली!" काका इतके हसले की डोळे पुसायला मफलर घ्यावा लागला. त्या दिवशी आम्ही रोडग्यांबरोबर नुसतं वरण वाटीवाटीने प्यालो. छान झालं होतं, हे मला मान्य करावं लागेल.

पण मी घरी आले ती निर्धार करूनच. हे असं चालायचं नाही. संध्याकाळी मी मोबाइलवर ग्रुप काढला, तक्ता केला आणि टाकला. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी ठीक एक वाजता, पाळीपाळीने एकेकाकडे जेवण. सुरुवात तळमजल्यापासून, म्हणजे वर चढत जाता येईल. जानेवारी: मेश्रामकाका.

सगळ्यांचे अंगठे आले. काकांचा आला नाही. दुसऱ्या दिवशी जिन्याशी भेटले तेव्हा मी विचारलं, "काका, तक्ता पाहिला ना? चालेल ना?"

"टाइम लिवला तुम्ही," ते म्हणाले.

"हो, एक वाजता. उशिरा होतं का?"

"नाही नाही. ठीक हाय." आणि ते गेले. महिनाभर बेल वाजली नाही. मला वाटलं, शिस्त लागली.

आणि मग तो जानेवारीतला दुसरा रविवार. एक वाजता मेश्रामांकडे जेवायचं म्हणून सगळ्यांनी सकाळी नुसत्या चहावर भागवलेलं. नऊ वाजता बेल.

"ग्यासवर काय हाय?"

"काही नाही. आज तुमच्याकडे जेवण आहे ना!"

"काहीच नाही?" त्यांचा चेहरा उजळला. "मंग हात रिकामेच हायत. चला. भिवापूरले मिरची निंगून राहिली. पाहून येऊ."

"काका, एक वाजता..."

"येतो ना वापस. नागपूर ते भिवापूर, मार्गे उमरेड!"

गाडीत बसल्यावर मी पाहिलं, खिडकीत कमलताई उभ्या होत्या. आज त्या हसत नव्हत्या.

भिवापूर सुंदर होतं, यात वाद नाही. वाळत घातलेल्या मिरचीने खळं लालभडक झालेलं, आणि उतरल्या उतरल्या आम्ही सगळे एकाच वेळी शिंकायला लागलो. तिवारी आंटी पदराने नाक दाबून म्हणाल्या, "इससे अच्छा तो मैं घर में तड़का लगा लेती." पूजाने फोटो काढले. प्रकाशने मोठी पिशवीभर मिरची घेतली, जी आम्हाला तीन वर्षं पुरेल. पण बारा वाजत आले तरी काका निघायचं नाव घेईनात. आधी एक तलाव दाखवायचा राहिला. मग उमरेडला चहा. चहावर दुसरा चहा. मी घड्याळ दाखवलं की ते गाडीचं चाक तपासायला खाली वाकायचे.

"काका, मले चक्कर येऊन राहिली भुकेनं," निखिल म्हणाला. "काकू वाट पाहून राहिल्या असतील ना गा!"

"असन," काका म्हणाले, आणि पुन्हा चाक तपासायला वाकले.

अडीच वाजता आम्ही बिल्डिंगसमोर उतरलो. मी सरळ तळमजल्याच्या दाराकडे निघाले तर काका पुढे आले.

"ताई, दमले असान तुम्ही. ऊन लागलं असन. जा, पडा घरी. निखिल, तुले उद्या हिंगण्याच्या कंपनीत पहिली शिफ्ट हाय न बे, झोप जाऊन. आंटी, आपके घुटने..."

आयुष्यात दुसऱ्याचं कारण ऐकून न घेणारा माणूस आज प्रत्येकाला एकेक कारण स्वतःच्या हाताने वाटत होता. आम्ही गोंधळून उभे. तेवढ्यात दार उघडलं. आत पानं मांडलेली, पाण्याचे पेले भरलेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताजा हार. स्वयंपाकघरातून पातोडीच्या रश्शाचा असा वास आला की प्रकाशच्या पोटाने सगळ्यांदेखत उत्तर दिलं.

"पानं वाढाची हायत," कमलताई म्हणाल्या.

"कमल, जाऊ दे वं त्यायले. थकले लोकं."

"ज्याले जाचं त्याले जाऊ द्या. मी पानं उचलत नाही."

मी चपला काढून मदतीला आत गेले. ओट्यावर लंबी रोटीची चळत होती. उलट्या मडक्यावर भाजलेली, रुमालासारखी पातळ. असल्या एकेका रोटीला किती वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. पहाटेपासून चाललं असणार.

"टाइम लिवून देला न तुम्ही, तवापासून नीट झोपले नाहीत हे," कमलताई रस्सा ढवळत म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "आधीच्या कॉलनीत पयलं घर बांधलं आम्ही. यायनं आठ दिवस आधी घरोघर जाऊन सगळ्यायले जेवाले बोलावलं. टाइम देला. सगळे हो म्हणाले. त्या दिवशी मंग एकाचा उपास निंगाला, एकाच्या घरी पाहुणे आले, एकाचं पोट बिघडलं. हे फोनवर एकेकाले म्हणत होते, हो हो, काही हरकत नाही. काहून नाही आले, ते आम्हाले कोणी सांगा लागत नाही, ताई."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"दसऱ्याले दीक्षाभूमीवर बाहेरगावची माणसं येतात न, त्यायले हे दरसाल वाढतात. हजारानं जेवतात यायच्या हातचं. तिथं हात थकत नाही. अन् आज शेजारची पाच पानं मांडाची म्हटली, तं गाडी काढून पळाले. मी म्हटलं, जा, फिरून या. पण सगळ्यायले वापस आणजा."

मी रोट्या घेऊन बाहेर आले. उंबरठ्यावर अजून तीच मंडळी होती आणि त्यांच्यामागे, अंगणात, मफलर हातात घेऊन काका. सगळ्यात पुढे तिवारी आंटी. आंटींचे उपास आम्हाला पाठ आहेत. सोमवार, एकादशी, चतुर्थी, आणि मूड असेल तर अधलामधला एखादा. त्यांनी पानांकडे पाहिलं, मग तसबिरीकडे, आणि तोंड उघडलं.

"भाईसाहब, मेरा तो आज..."

काकांनी मान खाली घातली. "हो हो," ते पुटपुटले, "काही हरकत..."

"...मेरा तो आज घुटना बिलकुल नहीं मुड़ रहा. नीचे नहीं बैठूँगी. कुर्सी दो. और ये लड़का पहले बैठा तो कुछ बचेगा नहीं, मुझे पहले परोसो."

खुर्ची आणायला निखिल आणि प्रकाश एकदमच धावले आणि दारात एकमेकांवर आदळले. बाकी सगळे खाली बसले. काका आत आले, पातेलं उचललं, आणि डेपोच्या आवाजात म्हणाले, "तळमजला ते... पोट, मार्गे..." माइक बंद पडल्यासारखे ते उभेच राहिले. मग वाढायला लागले.

रस्सा इतका तिखट होता की पूजाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्या निमित्ताने आणखी एकदोघांना डोळे पुसता आले. निखिलने किती रोट्या खाल्ल्या ते मी मोजलं नाही. प्रकाशने तिसऱ्यांदा रस्सा मागितला तेव्हा काका म्हणाले, "रोज ग्यासवर काय असते गा तुमच्या घरी? उपाशी ठेवतात का ताई?" म्हणजे गाडी रुळावर आली होती.

"काका, आता तुम्ही बसा," मी म्हटलं.

"बसतो, बसतो," म्हणत ते वाढतच राहिले. शेवटी आमची पानं उठली तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात उभ्याउभ्याच एक रोटी खात होते आणि रिकाम्या ताटांकडे बघत होते. जाताना कमलताईंनी प्रत्येकाच्या हातात रश्शाचा डबा दिला. आंटींनी दोन घेतले.

संध्याकाळी मी ग्रुपवरचा तक्ता काढून टाकला. कुणी का म्हणून विचारलं नाही.

आता उरलेलं काम. कमलताईंचा डबा घासून ओट्यावर ठेवला आहे. रिकामा परत द्यायचा नाही. फेब्रुवारीची पाळी आमची होती, पण तारीख सांगायची नाही, वेळ लिहायची नाही. एखाद्या सकाळी तळमजल्यावर जायचं, बेलवरचं बोट उचलायचं नाही, आणि दार उघडलं की म्हणायचं, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, वर चला. अशी मी दोनदा जाऊन आले. दोन्हीदा काका आमच्या पायपुसण्यापर्यंत आले, कुकरचा वास घेतला, आणि "चप्पल कोण काढन बाप्पा" म्हणून परत फिरले. त्यांनी चप्पल काढून आत बसायचं आहे. ते अजून व्हायचं आहे.