विठूच्या अंगठ्याची मोहीम

श्रीविरूपाक्ष समर्थ. शके अठराशे एक्क्याऐंशी, विकारीनाम संवत्सरी, फाल्गुन मासी, प्रांत पनवेल, मौजे बंदरपाडे येथे जे तुंबळ माजले, लाकडे कोणी मागितली, नियम कोणी आडवा घातला आणि एका म्हाताऱ्याचे अंगठ्याने फत्ते कैसी जाहली, हे पुढील पिढीस ठाऊक असावे. नाहीतर लोक म्हणतील की खाडीकाठची लाकडाची वखार अळंबीसारखी आपोआप उगवली. सबब बैजवार लिहितो. पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे शोभेपुरते घातले.

मौजे बंदरपाडे म्हणजे पनवेलच्या खाडीचे काठी वसलेला मुलूख. एके अंगास आगरी मंडळींची मिठागरे, दुसरे अंगास कोळ्यांच्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी, आणि दोहोंचे मध्ये ग्रामपंचायतीची कौलारू कचेरी. गत पावसाळ्यात बंदरावर एक बेवारस मुशाफर निवर्तला. मागे रडणारे कोणी नाही, लाकडे ओली, आणि पर्जन्य ऐसा की चिता पेटेना. तेव्हा मिठागरवाले बुधाजी यांनी आपले मिठाचे कोठाराचे दार उखडून आणिले आणि मासळीबाजारच्या गुणाबाई कोळीण यांनी घरातला रॉकेलचा डबा रिता केला आणि मग कोठे त्या जिवास अग्नी लाभला. परतताना बुधाजी हताश होऊन बोलले जे, दरसाल एक दार मी कोठून आणू? या एका सवालातून 'निराधार अंत्यसंस्कार सहायक मंडळ' जन्मास आले. बुधाजी अध्यक्ष जाहले. खजिनदारी गुणाबाईंकडे गेली, कारण बाजारात त्यांस फसविणारा अद्याप जन्मला नव्हता.

मंडळाचा मनसुबा फार मोठा नव्हता. स्मशानाशेजारी एक पत्र्याची वखार बांधावी, आणि मृग लागण्याआधी ती सुक्या लाकडांनी भरून ठेवावी, की ज्याचे कोणी नाही त्याचेही सरण नीट जळावे. पंचायतीचे अंदाजपत्रकात 'धर्मादाय संस्थांस अनुदान' ऐसे एक कलम होते आणि त्यावर आजवर कोणी चाल केली नव्हती. म्हणून उभयतांनी अर्जाचा खलिता घेऊन कचेरीवर कूच केले.

कचेरीचे दारी नियमांचे किल्लेदार, सेक्रेटरी वासुदेवराव गुप्ते, पेणकर, बसले होते. गृहस्थ सज्जन, परंतु नियमाबाहेर पाणीसुद्धा पीत नसत. त्यांनी खलिता उलटसुलट पाहून हुकूम सादर केला की अनुदान फक्त नोंदणीकृत संस्थेस मिळेल. तेव्हा बुधाजींनी एस.टी.चे रथात बसून धर्मादाय दरबारी वाऱ्या केल्या, आणि साक्षीदार नेले, आणि घटना लिहविली, आणि अखेरीस नोंदणीचा दाखला हस्तगत केला. तो गुणाबाईंनी मेणकापडात गुंडाळून मासळीचे पाटीत सुखरूप आणिला. त्या दाखल्यास अद्याप सुक्या बोंबलाचा वास येतो, परंतु शिक्का अस्सल आहे.

दुसरी चाल खासा सरपंचांचे दरबारी जाहली. सरपंच नाव धर्मराज, डोईवर कडक इस्तरीची टोपी आणि मनात एक कमान. म्हणजे गावाचे वेशीवर आपले वडिलांचे नावे सिमेंटची स्वागतकमान उभी करावी, ऐसा त्यांचा जुना संकल्प होता. धर्मादाय कलमाची रक्कम मार्चअखेर पडून राहिली तर ती कमानीकडे वळविता येत होती. सबब मंडळाचा दाखला पाहताच सरपंचांचे मुखावर मळभ आले, आणि त्यांनी गुप्त्यांकडे पाहिले, आणि गुप्त्यांनी नियमावली उघडिली. तीत लिहिले होते की अनुदानाचा लाभ ज्यास व्हावयाचा त्या लाभार्थ्याने पंचांसमक्ष, स्वतः, राजीखुशीने सही अगर अंगठा करावा. कलम मूळ शाळेतील पोरांस पाट्या वाटण्यासाठी लिहिलेले. परंतु तोफ जुनी असली तरी गोळा लागतोच.

बुधाजी चकित होऊन म्हणाले, "सायेब, आमचा लाभार्थी मेलेला असतो. तो अंगठा कसा लावील?"

गुप्ते खेदाने म्हणाले, "नियमात मेलेल्यांना सवलत नाही."

"मंग ज्यानं नियम केला त्याला इचारा," गुणाबाई कडाडल्या, "तो कंदी मरनार नाय का?"

दरबारात हशा पिकला, परंतु सरपंचांनी टेबलावर हात आपटून फर्मान काढिले: मंडळाने मार्च संपण्याचे आत निदान एक लाभार्थी दाखवावा, अंगठ्याची तजवीज सेक्रेटरी जागेवर जाऊन करतील, न दाखविल्यास रक्कम कमानीकडे वर्ग व्हावी.

आता दैवाची गती पाहा. ज्या मौजे बंदरपाडेत माणसे नेहमीप्रमाणे मरत होती, तेथे त्या फर्मानापासून मरणाने पाठ फिरविली. वर्षभर खाट धरलेले म्हातारे होळीस उठून पुरणपोळी मागू लागले. एक गडी माडावरून पडला तो थेट वाळत्या जाळ्यांचे ढिगात पडला आणि शिव्या देत उठला. मंडळाची तो ऐसी अवस्था की कोणास प्रकृती विचारण्याची सोय उरली नाही. बुधाजींनी बाजारात हौसा नामे बाईस, तुजी सासू कशी हाय, इतके सहज विचारिले, तो तिने केरसुणी उगारिली. तेव्हापासून बुधाजी रस्त्याने खाली पाहून चालू लागले आणि कोणास रामराम देखील घालीनासे जाहले.

ऐशात वार्ता आली की बंदरावर विठू तापाने पडला. हा विठू एके काळचा हमाल; मिठाच्या गोणी पाठीवर घेऊन गलबतांवर चढविता चढविता म्हातारा जाहला; बायको नाही, पोर नाही; जकातीचे पडक्या चौकीचे ओसरीवर मुक्काम. त्यास ताप आल्याची खबर एकाच सकाळी तीन सत्तांस पोचली आणि तिन्ही सत्तांनी आपापले निशाण हलविले.

गुप्ते शाईची डबी घेऊन निघाले. सरपंचांनी विचार केला की हा मार्च उलटेपर्यंत जगला पाहिजे, म्हणून दुधाची चरवी आणि नवी घोंगडी रवाना केली. आणि बुधाजी व गुणाबाई खाडीचे बांधाने निघाले. वाटेत बुधाजी हळूच म्हणाले, "गुणाबाय, देवानं आपलं ऐकलं वाटतं."

गुणाबाई जागीच थांबल्या. डोईवरची पाटी त्यांनी बांधावर उतरविली.

"काय ऐकलं? बोल ना! मानूस मरतंय, आनि तू वखारीचं पत्रं मोजतंस?"

"मी तसं नाय म्हनत..."

"तसंच म्हनतंस. मेल्यावर मानसाची आबाळ होऊ नये म्हून मंडळ काडलं ना आपुन? मंग जिवंतपनी झाली तर चालंल?"

रणांगणी न हटणारे बुधाजी त्या बांधावर हटले. त्यांचे डोळ्यांस पाणी आले. ते त्यांनी खारे वाऱ्यावर ढकलिले, आणि ते तसेच माघारी फिरून पनवेलास गेले आणि टांग्यात घालून डॉक्टर घेऊन आले.

पुढे जे युद्ध जाहले तैसे या प्रांती पूर्वी जाहले नव्हते. एके बाजूने सरपंचांची चरवी येई, आणि अंडी येत, आणि मोसंबी येत. दुसरे बाजूने गुणाबाई पेज आणीत, आणि ताप उतरल्यावर खाडीचे चिखलातील निवट्या माशांचा रस्सा आणीत, आणि पदराने वारा घालीत भरवीत. डॉक्टर सुई देत, बुधाजी पाय चेपीत, आणि गुप्ते उंबऱ्याशी शाईची डबी मांडीवर घेऊन नियमाप्रमाणे बसून राहत. ज्यास वर्षानुवर्षे कोणी, जेवलास का, म्हणून पुसले नव्हते, त्या विठूचे ओसरीवर आता माणसांचा राबता जाहला. प्रथम तो भ्याला. मग त्यास वाटले की आपण मेलो आणि हा स्वर्ग आहे. मग स्वर्गात निवटे नसावेत ऐसे ध्यानी येऊन तो बरा होऊ लागला.

मंडळाची बाजू याप्रमाणे दिवसेंदिवस खचत चालली आणि विठूचे गाल दिवसेंदिवस वर येत चालले. मार्चचा शेवटला दिवस उजाडला. सरपंच प्रसन्न मुद्रेने पंचांस घेऊन चौकीवर आले, की लाभार्थी नाही ऐसा पंचनामा करून कमानीचा मार्ग मोकळा करावा. भोवती कोळीवाडा जमला, आगरी मंडळी जमली. बुधाजी व गुणाबाई एका कडेस उभे होते. गुणाबाईंचे हाती नेहमीचा पेजेचा गडवा होता. मोहीम हरली म्हणून पेज चुकविण्याचे त्यांस कारण दिसले नाही.

विठू भिंतीस टेकून उठून बसला आणि थेट गुप्त्यांकडे पाहून म्हणाला, "सायेब, रोज ती डबी घेऊन बसताव, ती कशाला?"

गुप्त्यांस खोटे बोलण्याचा सराव नव्हता. "तुमचा अंगठा घ्यायचा आहे," ते म्हणाले.

"कवा?"

बुधाजी खाडीकडे पाहू लागले. सरपंच टोपी सारखी करू लागले.

"तुम्ही... म्हणजे... गेल्यावर," गुप्ते पुटपुटले.

विठू ऐसा हसला की खोकल्याची उबळ आली आणि गुणाबाईंनी धावून पाठ चोळिली. मग त्याने पुसले की अंगठा हवा तरी कशासाठी, आणि गुणाबाईंनी मान खाली घालून वखारीची, लाकडांची आणि फर्मानाची सारी हकिकत सांगितली, आणि अखेरीस म्हणाल्या, "बाबा, आमी तुजं मरान मागाया आलो नव्हतो. देवाशपथ."

"ठावं हाय मना. मरान मागनारी बाय निवट्याचं काटं काडून भरवीत नाय." विठू गुप्त्यांकडे वळला. "मेल्यावर मी अंगठा देनार कसा? तुमी धरून लावनार. ती चोरी झाली. आता मागा, आता देतो."

सरपंच पुढे सरसावून म्हणाले की हे चालणार नाही. इसम धडधाकट आहे. त्यास कसला लाभ?

तेव्हा विठूचे हसू मावळले. "धर्मराजशेट, जलमभर मिठाच्या गोनी वायल्या. पाठ कंदी सुकली नाय माजी. पावसात हितंच भिजत झोपतो. येक दिस तरी मना सुकं पायजे. सरनावर का व्हईना. तो लाभ नाय?"

सरपंचांनी सवयीने गुप्त्यांकडे पाहिले. गुप्त्यांनी नियमावली उघडिली, चष्मा पुसला, पुन्हा वाचिले, आणि ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "पंचांसमक्ष, स्वतः, राजीखुशीने, इतकेच आहे साहेब. लाभार्थी मृत असावा, असे नियमात कोठेही नाही."

जमावातून हाकारा उठला. सरपंचांनी विठूकडे पाहिले, त्याचे अंगावरील घोंगडीकडे पाहिले, कोपऱ्यातील आपले घरचे चरवीकडे पाहिले, आणि आपणच दूध पाजून शत्रू उभा केला हे त्यांचे ध्यानी आले. परंतु ज्यास माणूस रोज दूध पाठवितो त्याचेविषयी मन पहिल्यासारखे कठोर राहत नाही, हेही त्यांचे ध्यानी आले असावे. त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि फर्मान काढिले: अंगठा घ्यावा.

विठूने अंगठा शाईत बुडविला, आणि कागदावर टेकविला, आणि चांगला उठला नाही म्हणून आपण होऊन पुन्हा टेकविला.

मृगाआधी वखार उभी राहिली. पत्रे चढले, आंब्याची आणि बाभळीची लाकडे कोठारागत रचिली गेली, आणि लाकडे चोरीस जाऊ नयेत म्हणून राखणदार हवा ऐसे ठरून ती किल्लेदारी विठूस मिळाली. त्या पावसाळ्यात तो वखारीत, सुक्या जागी, सुकी घोंगडी पांघरून निजला. कमान कागदावर राहिली.

पुढील साली हिशेबतपासनीस आले. त्यांनी दफ्तर पाहून तांबड्या शाईने शेरा मारिला की लाभार्थी विठू याने अंगठा करूनही लाभ अद्याप घेतलेला दिसत नाही. विलंबाचा खुलासा व्हावा आणि प्रकरण विनाविलंब निकाली काढावे. गुप्ते घाबरून तो कागद घेऊन सरपंचांकडे गेले. धर्मराजांनी तो दोनदा वाचिला, आणि स्वहस्ते खाली लिहिले: "प्रकरण जिवंत आहे. निकाली काढण्याची घाई करू नये."

तेणेप्रमाणे दफ्तरी रुजू जाहले. नोंदणीकृत मंडळाची फत्ते जाहली, शिकस्त कोणाची जाहली ते नमूद करण्याचे कारण उरले नाही, आणि हे लिहितेसमयी लाभार्थी गुणाबाईंचे घरचा जिताडा मासा भरपेट जेवून वखारीचे सावलीस स्वस्थ घोरत आहे.