चार ओहमची भीती

मेहुण्याने दोन्ही स्पीकर हॉलमध्ये उभे केले, त्यांच्यावर गुंडाळलेली दुलई काढली आणि म्हणाला, "जावईबापू, यांना नुसतं उभं ठेवायचं नाही. अधूनमधून वाजवायचं. फक्त ॲम्प्लिफायर बघून लावा. कमी ताकदीचा लावलात तर हे जळतील."

"जळतील म्हणजे? आणि तुमचा होता तो ॲम्प्लिफायर?"

"तो यांनीच खाल्ला," मेहुणा म्हणाला. तो जहाजावर इंजिनिअर होता. एवढं बोलून त्याने बॅग उचलली आणि तो समुद्रावर निघून गेला.

जावईबापू विमा कंपनीत आगीचे दावे तपासत. इस्त्रीने जळलेली घरं त्यांनी पाहिली होती, हीटरने जळलेली पाहिली होती, एक तर नुसत्या दारावरच्या बेलने जळलेलं पाहिलं होतं. ऑफिसात त्यांना सगळे 'सावधान' म्हणत आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. घरात कुठलंही बटण दाबण्याआधी ते पायात रबरी चपला घालत. आता त्यांच्या खांद्याएवढे उंच, काळेकुळकुळीत, एक ॲम्प्लिफायर पचवून बसलेले दोन पाहुणे हॉलमध्ये होते. टीव्ही बघतानाही ते त्यांच्याकडे पाठ करेनात.

"अहो, आणा ना एखादा ॲम्प्लिफायर," बायको रोज म्हणे. "दादा विचारेल तेव्हा काय सांगू? घाबरलेत म्हणून?"

शेवटी ते दुकानात गेले.

"किती ओहमचे स्पीकर?" दुकानदाराने विचारलं.

"चार."

दुकानदाराने चष्मा काढून ठेवला. "चारचे म्हणजे फार करंट ओढतात हो. साधा ॲम्प्लिफायर त्यांच्यापुढे तापतो. तापतो, तापतो..."

"आणि?"

"आणि बसतो."

"मग चांगला दणकट द्या."

"देतो की. पण आवाज जपून. दणकट ॲम्प्लिफायरचं बटण कोणी पूर्ण फिरवलं, तर स्पीकरचा पडदा फाटलाच."

जावईबापूंनी बोटांवर मोजलं. "म्हणजे लहान लावला तर स्पीकर जळणार, मोठा लावला तर फाटणार आणि मधला लावला तर तो स्वतःच जळणार?"

"तुम्हाला बरंच कळतं की यातलं!" दुकानदार कौतुकाने म्हणाला. "हा मोठाच न्या. घरी लावून बघा. जोडी जमते की नाही ते घरीच कळतं."

तो ॲम्प्लिफायर वर चढवायला दोन माणसं लागली. जावईबापूंनी लाल वायर लालमध्ये, काळी काळ्यामध्ये घातली आणि तारेचा एखादा केस दुसरीला शिवत नाही ना, ते टॉर्च लावून पाहिलं. मग खिडक्या उघडल्या, पडदे वर बांधले आणि जिन्यातली आगीसाठी टांगलेली वाळूची बादली काढून आणली.

"अहो, गाणं ऐकायचंय की घर सोडायचंय?" बायको म्हणाली.

"विजेच्या आगीवर पाणी चालत नाही. वाळूच लागते. कर चालू. थांब! चपला घालू दे."

आधी बासरी वाजली. हळूच, स्वच्छ, जणू कोणी खोलीतच बसून वाजवतंय. जावईबापूंचे खांदे जरासे खाली आले. तेवढ्यात ढोल सुरू झाला. पहिल्याच दणक्याला डाव्या स्पीकरच्या पाठीमागे हवेसाठी ठेवलेल्या भोकातून भस्सकन करडा लोट बाहेर आला.

"धूर!"

आग मुळाशी मारायची असते, हे जावईबापूंना पाठ होतं. त्यांनी बादली भोकाला टेकवली आणि सगळीच्या सगळी आत रिकामी केली.

बायकोने गाणं बंद केलं. खोलीत जळका वास नव्हता. हवेत तरंगत होती ती साधी धूळ.

"दादाकडे वर्षभर कोपऱ्यात पडून होते ते," बायको शांतपणे म्हणाली. "आतली धूळ उडाली, अहो."

जावईबापू भोकात टॉर्च मारून पाहू लागले. तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. जहाज गोदीत दुरुस्तीला अडकलं होतं आणि दादा वाटेतच होता.

पुढचा वेळ कसा गेला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. व्हॅक्यूमचा पाइप तळापर्यंत पोचेना. स्पीकर उलटा करावा, तर आता तो जागचा हलेना. 'स्वतःच्या चुकीने झालेलं नुकसान' असा शेरा मारून त्यांनी आजवर कितीतरी लोकांना परत पाठवलं होतं. त्या सगळ्यांचे पडलेले चेहरे त्यांना ओळीने दिसू लागले.

मेहुणा आला. चहा नको, आधी गाणं लावा म्हणाला. डोळे मिटून ऐकत बसला. ढोल आला तशा त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो उठला, उजव्या स्पीकरला कान लावला, मग डाव्याला, मग पुन्हा उजव्याला. मग डाव्याला खांदा लावून त्याने तो जरासा कलता केला. आतून आवाज आला, सर्रर्र.

"यात वाळू आहे?"

"हो," जावईबापू म्हणाले.

"कोणी सांगितलं हे करायला?"

"कोणी नाही. त्या क्षणी... तेच सुचलं."

मेहुणा खुर्चीत बसला. मग म्हणाला, "जावईबापू, इंजिनाची थरथर मारायला मी जहाजावर काय काय करतो. पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही! खोक्याची सगळी थरथर गेली की हो. तो ढोल ऐका, कसा नेमका थांबतो. आणि मी मूर्खासारखा ॲम्प्लिफायर बदलत बसलो!"

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. तिने तोंडावर हात दाबून धरला होता.

"भरलीत कशी? चमच्याने, थोडी थोडी, ऐकत ऐकत?"

"नाही. बादलीभर. एकदम."

"एकदम?" मेहुण्याने स्पीकरवर हात ठेवला. "एवढ्या महागड्या स्पीकरमध्ये?"

बायको घाईघाईने स्वयंपाकघरात गेली. तिथे काहीतरी भांडं पडलं आणि पाठोपाठ दार बंद झालं.

"चला," मेहुणा उठला, "उजव्यातही घालू. पण तुम्हीच घाला, जावईबापू. माझे हात कापतील."